लाल गोंड्याचा पट्टा

युसूफ वडगाव या गावच्या फाट्यावर मी जीपची वाट बघत असताना एक गृहस्थ मला रोज दिसायचे. कडक इस्त्रीचं धोतर, मागे पिवळा कुत्रा आणि हातात रिमोट. कुत्र्याला शिस्त लागावी म्हणून मुलानं पुण्याहून गळ्यात बांधायचा, बटण दाबलं की झटका देणारा करंटचा पट्टा पाठवला होता. त्याला यांनी पोळ्याच्या बैलासारखा लोकरीचा लाल गोंडा बांधलेला.

"बस खाली!" असं दरडावून ते ऐटीत बटण दाबायचे. कुत्रा त्यांच्या धोतराला पंजे पुसायचा.

दुसऱ्याचं यंत्र नीट करून द्यायची मला खोड आहे. एकदा मी कुत्र्याचा गळा चाचपला. पट्ट्याचे झटका देणारे दोन्ही खिळे गोंड्याच्या लोकरीत रुतलेले, कातड्याला टेकतच नव्हते.

"मामा, गोंडा काढा. मग बघा कसा ऐकतो."

त्यांनी इकडंतिकडं पाहून आवाज खाली आणला.

"हळू बोला, सर. पट्टा काढला तर पोरगं व्हिडिओ कॉलवर बघून रागावतंय. गोंडा काढला तर ह्यो केकाटतोय. मी सोताच्या मनगटाला लावून बघितला, लई झोंबतंय."

मग ताठ होऊन ते गरजले, "बस खाली!"

जीपसाठी उभे असलेले दोघे दचकून बाकड्यावर बसले. कुत्रा तेवढा उभा होता.