चौकातली परीक्षा

रहाटणीहून चाकणला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही, त्यानंही नाही. तो पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांच्या प्रेस शॉपमधला. दिवसभर कानांवर धाडधाड, म्हणून जाता-येता नव्या मुलामुलींची हळुवार इंडी पॉप गाणी ऐकायचा. आधी इअरफोन शर्टाच्या टोकाला पुसायचा, मग डोळे मिटून अल्बम पहिल्या गाण्यापासून लावायचा. मधलं एखादं गाणं सोडणं त्याला पाप वाटायचं.

चाकणच्या चौकात बस हमखास अडकायची. मी ट्रॅफिकला शिव्या घालायचो. त्याच्या अल्बमची तिथं परीक्षा असायची. ऐकता ऐकता त्याची नजर घड्याळाकडे गेली, की अल्बम नापास. पास झालेल्यांतून वर्षअखेरी तो एकाला पहिला नंबर द्यायचा.

डिसेंबरात मी विचारलं, "मग भाऊ, यंदाचा पहिला कोणता?"

"ठरंना राव. दोन अल्बम अडून बसलेत. आज त्यातल्या एकाचा सोक्षमोक्ष लावतो."

नेमका त्या दिवशी चौक मोकळा! बसमध्ये टाळ्या पडल्या. त्यानं मात्र दचकून डोळे उघडले आणि तो ड्रायव्हरवर ओरडला, "ओ मामा, जरा हळू घ्या की! शेवटची दोन गाणी राहिलीत!"

सगळी बस खो-खो हसली. तोही हसला. त्यानं एक इअरफोन काढला, शर्टाला पुसला आणि माझ्या हातावर ठेवला.

"ठरलं," तो म्हणाला. "ज्याच्यासाठी चौकात अडकावंसं वाटलं, तोच पहिला."

मी इअरफोन कानात घातला. कंपनीचं गेट त्या दिवशी जरा लवकरच आलं.