तुफानातले सुके बोंबील

साठच्या दशकात दुबईच्या खाडीकाठी आम्हा रत्नागिरीकडच्या मुसलमानांची घरं मोजकीच होती. पण जमात होती, आणि जमात म्हटली की तिचे अध्यक्ष, सदर, आलेच. आमचे सदरसाहेब भर उन्हाळ्यात लांब बाह्यांची अचकन घालत आणि सलामाला उत्तर देण्याआधी घसा खाकरत. त्यांचं भाषण मी एकदाही पूर्ण ऐकलेलं नाही. बहुधा त्यांनीही नसावं.

माझी भाभी मुंबईहून बोटीनं आली ती एक ट्रंक आणि फडक्यांनी तोंडं बांधलेल्या बरण्या घेऊन. भाईजान दिवसभर धक्क्यावर, मी एका पेढीवर कारकून. घरात ती एकटी. बाहेर वाळू, गोडं पाणी वाहणारी गाढवं आणि तिला न कळणारी अरबी. सुरुवातीचे काही महिने ती फारसं बोललीच नाही. मग एका गुरुवारी, जुम्मेरातीला, शेजारच्या बायका बसलेल्या असताना तिनं नूह पैगंबरांच्या वेळच्या जगबुडीची, त्या तुफानाची, गोष्ट काढली, आणि आमच्या घराला आवाज आला.

गोष्ट पैगंबरांची नव्हती. तेवढी अदब तिला होती. गोष्ट त्यांच्या सुनेची. किश्तीत, म्हणजे त्यांच्या मोठ्या नावेत, काय घ्यायचं, काय मागे ठेवायचं, यावरून घरात उडालेली धांदल. ही सून तांदळाच्या भाकऱ्या थापायची, आमसुलं वाळवायची, सुके बोंबील बरणीत भरायची. थोडक्यात, दुबईच्या बोटीसाठी भाभीनं जे बांधलं होतं, तेच ती बांधायची.

मला वाचायची सवय, आणि ती कुठे ना कुठे नडतेच. मी म्हणालो, "भाभी, त्या मुलुखात कोकम नव्हतं."

"तू गेला होतास बघायला?"



दर जुम्मेरातीला असरच्या, तिसऱ्या प्रहराच्या, नमाजानंतर बायका वाढत गेल्या. सदरसाहेबांची म्हातारी अम्मीही येऊ लागली, आणि सदरांना घरी चहा वेळेवर मिळेना. थोड्याच दिवसांत निरोप आला: पैगंबरांच्या घरच्या गोष्टीत मनची भर घालणं बरं नव्हे, बैठक बंद करावी.

भाईजान लगेच म्हणाले, "खलास. बंद म्हणजे बंद. सदरांशी कोण वाकडं घेणार?"

"म्हणजे मी पुन्हा मुकी होऊ?" भाभीनं विचारलं. "त्यांना एकदा ऐकू तरी द्या. मग खुशाल बंद करू देत."

सदर आले. पडद्यापलीकडे बायका, अलीकडे अंगणात सदर, भाईजान आणि मी. सदरांच्या खिशात घडी घातलेलं भाषण होतं. त्याचं टोक मला दिसत होतं.

भाभीनं सुरुवात केली. पाणी चढलं. सासूनं ऐकलं नाही, ती बुडाली. दिरानं ऐकलं नाही, डोंगरावर जाऊन वाचेन म्हणाला, तोही बुडाला. इथे मी जरा सावरून बसलो. मग किश्तीत पोरं भुकेनं रडू लागली, आणि सुनेनं बरणी उघडून सुके बोंबील निखाऱ्यावर टाकले.

"बस, बस!" सदर म्हणाले. "सुके बोंबील? अगो पोरी, चहूकडे पाणी, पाण्यात हवा तेवढा ताजा मासा, आणि ही बोंबील भाजते? अशा गोष्टी ऐकायला बायका चुली सोडून येतात होय?" ते स्वतःच हसले. भाईजानही हसले, सावधगिरी म्हणून.

पडद्याआडून भाभीचा आवाज आला, अगदी साधा.

"चाचा, आमच्या गावात होडी बुडाली की माणसांचा पत्ता लागेपर्यंत कुणाच्या चुलीवर ताजा मासा चढत नाही. हिची सासू त्या पाण्यात होती. दीर त्या पाण्यात होता. त्या पाण्यातला मासा ती कशी खाईल?"

भाषण काढायला खिशात गेलेला सदरांचा हात तिथेच राहिला.

आतून त्यांची अम्मी म्हणाली, "तुझा चाचा होडीसकट गेला तेव्हा ताजा मासा पायजे म्हणून कोण रडत होता रे? आठवतंय? गप बस आता. तू सांग गो पोरी पुढे."

सदरांनी घसा खाकरला. पहिल्यांदाच त्यामागून काही आलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "मग... बोंबील पुरले का?"

"पुरले की नाही, ते येत्या जुम्मेरातीला," भाभी म्हणाली.

त्या जुम्मेरातीला सदरांच्या आधी त्यांची खुर्ची आली. ती पडद्याला लागून ठेवली गेली आणि पुढे बरीच वर्षं तिथेच राहिली. सदर अचकनीशिवाय येऊ लागले; त्यांना दंड आहेत हे जमातीला तेव्हा कळलं. भाभीचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा, आणि भाईजान तो ऐकत धक्क्यावरून सावकाश चालत यायचे.

तुफान तिनं पुढे कितीदा तरी सांगितलं. दर खेपेला बरणीत काही नवं निघायचं, दीर मात्र न चुकता बुडायचा. एकदा मी म्हणालो, "भाभी, तो बुडतो हे तर कुराणातच आहे, मला मान्य. पण त्याला बुडायला इतका वेळ का लागतो?"

"कोकमाबद्दल बोलला होता तो," ती म्हणाली.