रुमालाखालचा हात

“श्वानोमा आहे,” सुरतेच्या डॉक्टरांनी आप्पांच्या उजव्या मनगटाचा एमआरआय बघून सांगितलं. म्हणजे नसेच्या आवरणावर आलेली गाठ. कर्करोग नाही हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. आप्पांनी मात्र एकच विचारलं, ऑपरेशननंतर बोटांना कळेल ना?

माझे वडील, आप्पा, सारंगखेड्याच्या यात्रेतले घोड्यांचे दलाल. तिथे सौदा तोंडाने होत नाही. रुमालाखाली समोरच्याचा हात धरायचा आणि तो कोणती बोटं दाबतो त्यावरून भाव ओळखायचा. मनगटातून मुंग्या येतात हे त्यांनी वर्षभर आमच्यापासून लपवलं होतं.

गाठ निघाली, पण उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली. नस हळूहळू जागी होते, तोवर बोटांना स्पर्श नव्याने शिकवावा लागतो. याला सेन्सरी री-एज्युकेशन म्हणतात. शहाद्याच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम टॉवेलखाली त्यांच्या हातात वस्तू ठेवून विचारायच्या, बटण की चावी? आप्पा दहापैकी नऊ बरोबर सांगायचे. मी तर सगळ्या नातेवाइकांना फोन करून मोकळी झाले.

मग एका सकाळी त्यांनी उकळत्या चहाचा ग्लास तसाच धरून ठेवला. बोटाला फोड आला, तो मीच त्यांना दाखवला. तेव्हा मान खाली घालून म्हणाले, “बोटेस्ले काहीच समजत नही. मी मॅडमनं तोंड देखीसन सांगी ऱ्हायंतू.”

मॅडमच्या चेहऱ्याकडे बघून ते उत्तरं देत होते; समोरच्याचा चेहरा वाचणं ही त्यांची जन्माची सवय. मला राग आला आणि रडूही आलं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त आप्पांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. त्या दिवशी दहापैकी एक आलं. दुसऱ्या दिवशीही एकच.

हरणं ज्यांना कधी सोसलं नाही, ते आप्पा त्यानंतर कितीतरी महिने रोज हरत राहिले. घरी ज्वारीच्या डब्यात लपवलेले शेंगदाणे डोळे मिटून शोधायचे. एकदाही कंटाळा केला नाही. मला त्यांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर बरोबर उत्तरांनी हुरळून जाऊ नका. आधी डोळे बांधा, आणि गरम भांड्यांवर लक्ष ठेवा.

यंदा आप्पा यात्रेत गेले. मी मागेच उभी होते. हातांवर रुमाल पडला, समोरच्याने बोटं दाबली. आप्पांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, डोळे मिटून घेतले.

“परत दाब, भाऊ,” चारचौघांत ते म्हणाले. “माले समजनं नही.”

त्याने परत दाबलं. आप्पांनी मान डोलावली. सौदा झाला, आणि भाव बरोबर निघाला.