आईची शिगोशीग वाटी

मंडळी, आज सकाळी आईच्या नानकटाईचं माप ग्रॅममध्ये लिहून घ्यायला बसले. दुबईत राहणाऱ्या धाकट्या बहिणीने ते मागितलं होतं. तिच्याकडे ओव्हन आहे, पण आईची वाटी नाही.

आई मैद्याची वाटी शिगोशीग भरते, म्हणून तिलाच भरायला सांगितली. काट्यावर एकशे वीस ग्रॅम भरले. खात्री करायला पुन्हा भरून घेतली, तर नव्वद. तिसऱ्यांदा तिचा हात इतका थरथरला, की मैदा ओट्यावर सांडला.

"यातलं खरं कुठलं गो?" तिने विचारलं.

मी ओट्यावरचा मैदा गोळा करू लागले.

"माझा हात गेलाच म्हणायचा," म्हणत तिने वाटी पालथी घातली.

पहिल्याच आकड्यावर मी का थांबले नाही? आता बहिणीला काय कळवू?