काही लिहून ठेवलं होतं का?

परवा शिरूरच्या स्टँडवर वरवंडला परत यायला गाडीची वाट बघत होते, तर माहेरच्या गल्लीतल्या एक काकू भेटल्या. खूप दिवसांनी. कशी आहेस, पोरं काय करतात, काही नाही... माझा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, "काय लिहून ठेवलं होतं का गं संतोषनं?"

संतोष माझा धाकटा भाऊ. गेल्या वर्षी तो स्वतःहून गेला... आणि चिठ्ठी नव्हती. पोलिसांनी शोधली, आम्ही शोधली. मी तर त्याच्या पोरीच्या दप्तरातसुद्धा बघितलं.

भेटायला येणारा प्रत्येकजण बूड टेकायच्या आधी चिठ्ठीचंच विचारायचा. नाही म्हटलं की नजर सरळ आतल्या खोलीत. तिथं मनीषा वहिनी बसलेली असायची. चिठ्ठी नाही म्हणजे बायकोचंच काहीतरी असणार... उचलली जीभ, लावली टाळ्याला.

माझ्याकडे त्याचा शेवटचा मेसेज आहे. 'ताई, कांदा काढायला आला का?' बस, एवढाच. त्यात काही दडलंय का, हे मी पुन्हा पुन्हा वाचून शोधत बसायचे. भरल्या घरात इतकं एकटं वाटायचं, की काय सांगू.

दहाव्याला घोड नदीच्या घाटावर ही गर्दी. पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं झाली, माईक बंद झाला, पिंड ठेवला... पण कावळा शिवेना. समोर झाडावर बसलेले दिसत होते, खाली काही येईनात.

मग नेहमीचं सुरू झालं. त्याची काही इच्छा राहिली असेल म्हणून एकेकजण हात जोडून शब्द द्यायला लागला. पोरीला शिकवू, नवी बोअर घेऊ... मी म्हटलं, आईला मी बघते. कावळे ढिम्म.

शेवटी थोरले मामा पुढं झाले. आमच्या घरात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुनंला माहेरी धाडतो. आता तरी शिव बाबा."

वहिनीनं पोरीला जवळ ओढलं. मला वाटलं, आता एक जरी कावळा खाली उतरला ना, तर हिचा संसार उठला... आयुष्यात पहिल्यांदा मी, भावाच्या पिंडाला कावळा शिवू नये म्हणून देवाला हात जोडले.

तेवढ्यात आई उठली. तो गेल्यापासून ती कुणाशी धड बोललीसुद्धा नव्हती. गुरुजींना म्हणाली, दर्भाचा कावळा करा. कावळा आलाच नाही तर गवताचा करून पिंडाला लावतात, तसा.

मग मामांकडं वळली. थोरल्या भावाला उलट बोलताना मी तिला कधी बघितलं नव्हतं.

"दादा, त्यानं काय लिवलं न्हाई. आता आपुनबी त्याच्या नावानं काय लिवायचं न्हाई. मनी माझ्याजवळ ऱ्हाईल."

मामा खाली बघत मागं सरकले. गुरुजींनी दर्भ वळायला घेतला, आणि मी तिथंच खाली बसून पोटभर रडले.

वहिनी आजही आईजवळच आहे. दोघी फार बोलत नाहीत, पण एकीनं जेवल्याशिवाय दुसरी जेवत नाही. आई, तुझे उपकार कसे फेडू गं...

स्टँडवर काकूंना म्हटलं, नाही, काही लिहिलं नव्हतं. आणि मनीषा वहिनी बरी आहे. तिचं कुणी विचारतच नाही, म्हणून मीच सांगितलं.

गाडीत खिडकीपाशी बसून तो मेसेज उघडला. आमच्याकडं कांदा पुन्हा काढायला आलाय, आणि यंदा विचारायला कुणी नाही.

हल्ली मी त्यात काही शोधत नाही. माझ्या भावाला बहिणीच्या कांद्याची काळजी होती, म्हणून त्यानं विचारलं होतं... एवढंच आहे त्यात.