आज आईची कानबाईची गाणी पुसली गेली

मंडळी, आज दुपारी मी माझ्याच हाताने आईचा आवाज पुसून टाकला.

आई गेल्यापासून आमच्याकडे श्रावणात कानबाई देवीच्या सणाला तिचीच गाणी लागतात, माझ्या छोट्या म्युझिक प्लेअरवर. ती असताना मीच रेकॉर्ड केलेली. आता जुना लॅपटॉप भंगारात गेला आणि प्लेअरचं जुनं सॉफ्टवेअर नव्यावर चालेना, म्हणून आज दुसरं टाकून प्लेअर जोडला. त्याने विचारलं, प्लेअर लॅपटॉपसारखाच करायचा का? मी 'हो' दाबलं. नव्या लॅपटॉपवर एकही गाणं नव्हतं. मिनिटभरात प्लेअरही तसाच रिकामा झाला.

शहाद्याला दुकानात नेला. आशा ठेवू नका म्हणाले.

घरी पोचतो तोच पुरुषोत्तमनगरहून काकूचा फोन. "रविवारले येशी तवय तुन्ही मायना गाना लई येजो. आमले कोनलेच येतस नहीत."

मी 'हा, आणतो गाणी' एवढंच म्हटलं.

आई ओळ सांगायची आणि बाकीच्या बाया तिच्या मागून म्हणायच्या. ती गेल्यावर त्या प्लेअरच्या मागून म्हणू लागल्या. पाठ कुणीच केलं नाही, मीही नाही.

रविवारी कानबाई बसेल, बाया जमतील आणि माझ्याकडे बघतील. सांगा, पहिली ओळ कोण म्हणणार?