सशाचं औषध

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अस्थी सावडून मंडळी परतली त्याच दुपारी माझं पार्सल आलं. थर्मोकोलचा डबा, आत बर्फाच्या पिशव्या आणि त्यांच्या मधोमध करंगळीच्या पेराएवढी कुपी. धाराशिवच्या कॉलेजला सुट्ट्या लागणार म्हणून मी जळकोटच्या घराचा पत्ता दिला होता. तेव्हा अण्णा धडधाकट होते.

पार्सल येईपर्यंत भेटायला येणाऱ्यांना विषय एकच होता. छातीत दुखायला लागलं तेव्हा आईनं पित्त समजून ओव्याचं पाणी दिलं आणि उमरग्याच्या दवाखान्यात पोचायला उशीर झाला. "ओवा कशापायी दिलास गं बाई?" हे प्रत्येकीनं आईच्या गळ्यात पडून विचारलं. आईनं अन्न सोडलं होतं.

थोरल्या काकांनी डबा उघडला. "कशाचं हाय हे?"

"सशाच्या रक्तातून काढलेलं—"

"त्याचं औषध! माणूस गेल्यावर आलं बघा!"

वस्तुस्थिती एवढीच, की पेशीत निरोप पोचवणारं एक प्रथिन असतं. ते सशाला टोचलं की त्याच्या रक्तात नाना प्रकारची प्रतिपिंडं तयार होतात आणि प्रत्येक प्रकार त्या प्रथिनाला वेगळ्या जागी धरतो. कुपीत तीच होती; त्यांच्यामुळं ते प्रथिन पेशीत कुठं आहे हे दिसतं. त्यानं बरं कुणीच होत नाही. हे मी काकांना सावकाश समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या पाहुण्याला सांगितलं, "पोरगी शास्त्रज्ञ हाय. बापासाठी परदेशातनं मागवलं हुतं."

मी कुपी फ्रिजमध्ये ठेवायची, काका प्रत्येकाला काढून दाखवायचे. भर उन्हाळा. मरण एकच, पण तेही प्रत्येकानं वेगळ्या जागी धरलं. कुणी कुरिअरवाल्याला शिव्या दिल्या, कुणी हायवेच्या कामाला, कुणी सरकारला. गुडघेदुखीच्या एका मामांनी, "थोडं उरत असंल तर बघा," असं सुचवलं. सुतकात सशाचं रक्त घरात चालतं का, यावर बैठक बसली. औषधाला विटाळ नसतो, असा निकाल लागला. ओव्याचं नाव मात्र कुणी काढेना.

माझ्या प्रबंधाचा शेवटचा प्रयोग त्या कुपीवर होता. अशीच फिरत राहिली तर ती वाया जाणार होती. संध्याकाळी सगळ्यांसमोर खरं सांगून टाकायला मी उठले. आईनं हात धरून खाली बसवलं.

"हे येळेवर आलं असतं तर वाचले असते का गं?"

शेजारणीनं आणलेली भाकरी तिच्यापुढं तशीच पडली होती.

"व्हय," मी म्हणाले.

"मग ओव्यानं काय न्हाय ना झालं?"

"न्हाय, आई."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. जेवल्यावर कुपी मागून घेतली आणि दिव्यापाशी ठेवली. मी ती उचलली नाही. तेराव्यापर्यंत ती तिथंच होती. येणारा जाणारा तिच्याकडं बघून हळहळायचा.

प्रयोग लांबणीवर पडल्याचं कळवायला मी माझ्या मार्गदर्शकांना फोन केला. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "वडिलांना काय झालं होतं?"

आई शेजारीच बसली होती. मी म्हणाले, "औषध वेळेवर मिळालं नाही, सर."